नसण्याचा हिशेब

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवरचा विषय वाचून दोघातिघांनी मला फोन केला. ‘सर, छापण्यात काही चूक झालीय का?’ जन्मभर न्याय-वैशेषिक शिकवलेला माणूस एम्बेडेड लिनक्सवर काय बोलणार, असा त्यांचा रोख होता. शंका रास्त आहे, पण चूक झालेली नाही. निवृत्तीनंतर मी प्रोग्रॅमिंग शिकलो. फार नाही, थोडं. कुणाचं वाचून समजावं इतपत, आणि स्वतः चुकावं इतपत. त्या चुकीबद्दलही आज बोलणार आहे.

आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या मैफलीचीही होते. यंत्राबद्दल जे लिहून येतं ते मात्र बाजारातल्या चौकशीसारखं असतं. किंमत किती, बॅटरी किती टिकते, कॅमेरा कसा आहे. यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर बंद कुलपात असायचं तोवर याहून वेगळं काही लिहिणं शक्यही नव्हतं. पण ज्याचा सोर्स कोड खुला आहे ते यंत्र वाचता येतं. आणि जे वाचता येतं त्याची समीक्षा करता येते. लिहिणाऱ्याने कशाचा विचार केला आणि कशाचा केला नाही, हे तिथे ओळीओळीत दिसतं. आज मी अशाच एका यंत्राची समीक्षा करणार आहे.

आधी एम्बेडेड म्हणजे काय ते सांगतो. एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं यंत्र घ्या, लिफ्ट घ्या, घरातला वायफायचा डबा घ्या. त्यांच्या पोटात एक छोटा संगणक बसवलेला असतो. आपण त्याला संगणक म्हणत नाही, कारण तो आपल्याला दिसत नाही. असल्या पोटातल्या संगणकांवर बऱ्याच ठिकाणी लिनक्स चालतं. लिनक्स खुलं आहे, कुणालाही घेता येतं, बदलता येतं. गंमत अशी की आतलं लिनक्स खुलं असलं तरी बाहेरचं यंत्र सहसा बंद असतं. स्क्रू काढला तर वॉरंटी गेली.

न्यूयॉर्कमध्ये २००६ साली बग लॅब्ज नावाची एक कंपनी निघाली. पीटर सेमलहॅक हे तिचे संस्थापक. २००८ साली त्यांनी ‘बग’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं ज्याला बग म्हणतात आणि ज्याच्यामागे रात्र रात्र जागतात, तेच नाव यांनी हौसेने आपल्या मालाला ठेवलं. म्हणजे एखाद्याने खाट विकायला काढावी आणि तिचं नाव ‘ढेकूण’ ठेवावं. (हशा)

यंत्राची रचना साधी होती. मध्ये हातात मावेल असा एक पाया. त्यात एआरएम जातीचा प्रोसेसर, लिनक्स, बॅटरी. पायाला चार खाचा. त्या खाचांमध्ये हवी ती मोड्यूलं बसवायची. एक मोड्यूल कॅमेऱ्याचं, एक जीपीएसचं, एक हालचाल ओळखणारं, एक स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचं. यंत्र चालू असतानाच मोड्यूल काढायचं आणि दुसरं बसवायचं. सॉफ्टवेअर खुलं, आणि हार्डवेअरचे आराखडेही खुले ठेवायचे, अशी कंपनीची भूमिका होती. पुढे आलेल्या एका मोड्यूलचं नाव तर ‘बग वॉन हिपेल’ होतं. एरिक वॉन हिपेल हे एमआयटीतले प्राध्यापक. नव्या कल्पना कारखान्यातूनच येतात असं नाही, वस्तू वापरणारी माणसंही त्या शोधतात, हा त्यांच्या कामाचा गाभा. त्यांचं नाव दिलेल्या मोड्यूलवर तयार काहीच नव्हतं. नुसत्या मोकळ्या जोडण्या होत्या. तुम्हाला काय जोडायचंय ते तुम्ही ठरवा, असा त्याचा अर्थ. एखाद्या विचाराला दिलेली याहून चांगली अर्पणपत्रिका मी पाहिलेली नाही.

आता या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे काय, ते जरा सावकाश बघू. माझा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे.

समजा तुम्हाला एवढंच हवंय: बटण दाबलं की फोटो निघावा, आणि फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जावेत. तुम्ही आपल्या नेहमीच्या संगणकावर इक्लिप्स उघडायचं. त्याला ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाची जोड कंपनीने तयार केली होती. पडद्यावर एक ‘व्हर्च्युअल बग’ यायचा, म्हणजे यंत्राची सोंगटी. खरं यंत्र जवळ नसलं तरी तिच्यावर प्रोग्रॅम चालवून बघायचा. प्रोग्रॅम जावा भाषेत. झाला की ‘बगनेट’ या कंपनीच्या जागेवर ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला घेता येईल.

आणि यंत्रात? तळाशी लिनक्सचं कर्नल. मोड्यूल खाचेत बसलं की कर्नलला ते कळतं आणि त्या मोड्यूलचा ड्रायव्हर कामाला लागतो. त्याच्यावर जावा. आणि जावाच्या वर ओएसजीआय नावाची एक चौकट. ही चौकट बग लॅब्जची नाही. ती १९९९ पासूनची आहे, अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेली. इक्लिप्स स्वतःही तिच्यावरच उभं आहे. या चौकटीत प्रोग्रॅम गाठोड्यांमध्ये बांधलेले असतात, आणि मध्यभागी एक नोंदवही असते. कॅमेरा बसला की नोंदवहीत नोंद होते: ‘फोटो काढून देण्याची सेवा उपलब्ध आहे.’ कॅमेरा काढला की ती नोंद खोडली जाते. तुमचा प्रोग्रॅम कॅमेऱ्याला नावाने हाक मारत नाही. तो नोंदवहीत विचारतो, फोटो देणारं कुणी आहे का? गावात नवा माणूस येतो तेव्हा ‘अमका कुठे राहतो’ असं विचारत नाही, ‘इथे सुतार कुणी आहे का’ असं विचारतो. तसंच.

म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात. सेवा आली तर काय करायचं? बदलली तर काय? आणि गेली तर काय?

हा तिसरा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत सरसावून बसलो. आपण बहुतेक वेळा जे आहे त्याच्यासाठी लिहितो. जे नाही त्याच्यासाठी लिहायचं, आणि तेही अपवाद म्हणून नाही, रोजचा व्यवहार म्हणून, हे या यंत्राने लिहिणाऱ्याला शिकवलं. चालता चालता त्याचं अंग बदलतं. आत्ता डोळा होता, आत्ता नाही. प्रोग्रॅमला हे कळलं पाहिजे, आणि कळून त्याने घाबरता कामा नये.

ही गोष्ट आपल्या घरातली आहे. वैशेषिकांच्या मूळ यादीत सहा पदार्थ होते. पुढे सातवा आला: अभाव. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात, म्हणजे आपण विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा जे पुस्तक देतो त्यात, हे सात पदार्थ येतात. जमिनीवर घडा नाही, हे ‘नसणं’ सुद्धा जगातली एक गोष्ट आहे, तिचा हिशेब द्यावा लागतो, असं या मंडळींचं म्हणणं. वर्गात हे शिकवताना दरवर्षी एखादा विद्यार्थी हसायचा. ‘सर, नसणं हा पदार्थ कसा असेल?’ त्याला द्यायला तेव्हा माझ्याकडे चांगलं उदाहरण नव्हतं. आता आहे.

अभाव चार प्रकारचा सांगितलाय. यंत्र सुरू झालंय, तुमचा प्रोग्रॅमही सुरू झालाय, पण जीपीएसची सेवा अजून आलेली नाही. हा प्रागभाव. घडा घडण्याआधीचं त्याचं नसणं. इथे प्रोग्रॅमने रडायचं नाही, वाट बघायची. मग सेवा आली, काही वेळ चालली, आणि कुणीतरी मोड्यूल उपटून काढलं. हा प्रध्वंसाभाव. इथे जाणकार मला अडवतील. ‘मोड्यूल नष्ट कुठे झालं? ते टेबलाच्या खणात आहे.’ बरोबर आहे. नष्ट झाला तो संयोग, आणि त्या संयोगातून जन्मलेली सेवा. तेच मोड्यूल परत बसवलं तरी जुनी सेवा परत येत नाही. नोंदवहीत नवी नोंद होते, नवी सेवा मिळते. ज्या प्रोग्रॅमने जुनीचा पदर धरून ठेवलाय तो फसतो. फुटलेला घडा परत येत नाही, येतो तो दुसरा, हे इतकं अक्षरशः खरं ठरलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

तिसरा अत्यंताभाव. वायूला रूप नाही, कधी नव्हतं, कधी असणार नाही. तुमच्या गाठोड्याला जे लागतं ते या यंत्रावर मिळण्यासारखंच नसेल, तर चौकट ते गाठोडं सुरूच करत नाही. अर्ध्यात पडण्यापेक्षा आधीच नकार बरा. आणि चौथा अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नाही. कॅमेरा म्हणजे जीपीएस नव्हे. खाचा चारही सारख्या, म्हणून कुठल्या खाचेत काय बसलंय हे ओळखूनच पुढे जावं लागतं.

मला कुणी असं सांगत नाही की न्यूयॉर्कच्या अभियंत्यांनी तर्कसंग्रह वाचला होता. (हशा) आणि मीही तसा दावा करणार नाही. आमच्याकडे सगळं आधीच होतं, हे म्हणण्याची आपल्याला वाईट खोड आहे. मुद्दा एवढाच की नीट विचार करणारी माणसं अडचणीच्या एकाच जागी येऊन पोचली. ती जागा खरीच अडचणीची आहे, हे त्यावरून कळतं.

किती अडचणीची, ते मला स्वतःच्या अनुभवाने कळलं.

आमच्याकडच्या एका जुन्या संग्रहात पोथ्यांची एक खोली आहे. लाल बासनात बांधलेल्या पोथ्या, लाकडी कपाटं. पावसाळ्यात दमटपणा वाढतो. साधारण ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीची धास्ती. मी म्हटलं, आपण शिकलोय त्याचा उपयोग करू. माझा एक जुना विद्यार्थी एम्बेडेड क्षेत्रातच काम करतो. त्याने एक छोटा लिनक्स बोर्ड आणून दिला. त्याला आर्द्रता मोजणारा सेन्सर चार वायरींनी जोडला. दर दहा मिनिटांनी सेन्सर वाचायचा आणि आकडा फाइलमध्ये लिहायचा, एवढा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. कधीकधी वाचताना चूक यायची आणि प्रोग्रॅम बंद पडायचा. म्हणून मी एक ओळ घातली: वाचता आलं नाही तर मागचा आकडा ठेव आणि पुढे जा.

जुलैत अकरा दिवस फाइलमध्ये ५८ टक्के हा एकच आकडा होता. दिवसा ५८, रात्री ५८. बाहेर धो धो पाऊस. आणि मला, खरं सांगतो, त्या आकड्याचं कौतुक वाटलं. म्हटलं, जुन्या भिंती किती चांगल्या! बाराव्या दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या, ‘सर, दोन बासनांना वास येतोय.’ उघडून पाहिलं तर कडेच्या पानांवर बुरशी. सेन्सरची वायर सैल झाली होती. पहिल्याच दिवशी, मीच टेबल सरकवलं तेव्हा.

विद्यार्थ्याने प्रोग्रॅम पाहिला. तो माझ्याशी फार अदबीने वागतो. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘सर, तुमच्या प्रोग्रॅमला “नाही” म्हणताच येत नाही.’

चाळीस वर्षं अभाव शिकवलेल्या माणसाला! (हशा) हसा. मी मात्र त्या दिवशी हसलो नाही. कर्नलने आपलं काम चोख केलं होतं. दर दहा मिनिटांनी ते मला सांगत होतं की सेन्सर उत्तर देत नाही. मीच ते ऐकून पुसून टाकत होतो आणि त्या जागी जुनं असणं लिहीत होतो.

इथे शास्त्रातली आणखी एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. एखादी वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असं म्हणता येत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर, सेन्सर गप्प आहे याचे दोन अर्थ होतात. सांगण्यासारखं काही नाही, किंवा सांगणाराच नाही. हे दोन वेगळे ठेवणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं पहिलं कर्तव्य. आता माझ्या फाइलमध्ये आकड्याच्या जागी ‘वाचता आले नाही’ असं स्पष्ट लिहिलं जातं. आणि दर तासाला ‘मी चालू आहे’ अशी एक नोंद होते. ती नोंद नसेल तर बोर्डच बंद आहे, असं समजायचं.

हे सगळं मी बगकडून शिकू शकलो असतो. त्या यंत्राचं हे श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. आता त्याच्यातल्या उणिवेकडे येतो.

या यंत्राने प्रत्येक भागाच्या नसण्याचा हिशेब ठेवला. एका गोष्टीच्या नसण्याचा ठेवला नाही. ती म्हणजे यंत्र करणारी कंपनी.

पुढच्या काही वर्षांत बग लॅब्ज हार्डवेअरपासून दूर गेली आणि यंत्रांनी एकमेकांशी इंटरनेटवरून बोलावं यासाठीच्या सेवांकडे वळली. ड्वीट आणि फ्रीबोर्ड या तिच्या नंतरच्या गोष्टी. कंपन्या असं करतात, त्यात पाप काही नाही. पण मग त्या चार खाचांचं काय? खाचेचा आकार, तिची जोडणी, तिच्यातून मोड्यूल बोलणार ती रीत, हे सगळं एकाच कंपनीच्या यंत्राचं होतं. आराखडा खुला असला तरी त्या खाचेत बसणारं मोड्यूल दुसरा कुणी कारखाना काढत नव्हता. प्रोग्रॅम ठेवायची जागाही कंपनीचीच.

इथे ‘खुलं’ या शब्दाची नीट फोड केली पाहिजे. खुला परवाना मला परवानगी देतो. सामर्थ्य देत नाही. विहिरीवर सगळ्यांना पाणी भरायची मुभा आहे, पण दोर एकाच्याच घरात आहे, अशी ती स्थिती. एम्बेडेड लिनक्समध्ये हा दोर म्हणजे काय, ते सांगतो. या छोट्या यंत्रावर सॉफ्टवेअर तयार करत नाहीत. आपल्या मोठ्या संगणकावर, छोट्या प्रोसेसरसाठीचं सॉफ्टवेअर तयार करून मग त्याच्यावर चढवतात. त्यासाठी ठराविक आवृत्तीचा कंपायलर लागतो. शेकडो सॉफ्टवेअर कुठून आणायची, त्यांत काय दुरुस्त्या करायच्या, कुठल्या क्रमाने बांधायची, याच्या कृती लिहिलेल्या असतात. ओपनएम्बेडेड, बिल्डरूट ही त्या कामाची साधनं. कृती जपून ठेवली, पण तिच्यात लिहिलेल्या पत्त्यावरचं दुकान बंद झालं, तर पदार्थ होत नाही. सोर्स कोड सगळा हाताशी असूनही दहा वर्षांनी यंत्राचं सॉफ्टवेअर पुन्हा बांधता येत नाही, असं घडतं ते यामुळे.

दुसरी उणीव रचनेतली आहे. नसण्याचा तो सुरेख हिशेब जावाच्या घरात चालायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आखून दिलेली मुख्य वाट त्या घरातूनच जायची. ती चौकट इतकं सगळं आपल्यावर घेते की खाली लिनक्स काय करतंय हे बघायची गरजच पडत नाही. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण लिनक्समध्ये माझ्यासारख्याचा साधा सेन्सर बहुधा एखाद्या फाइलसारखा दिसतो. ती फाइल सी-मधून वाचा, पायथनमधून वाचा, काही नाही तर शेलमधून वाचा. कर्नल बदललं तरी वरचे जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा जाहीर आणि कडक नियम आहे. म्हणजे त्या पातळीवर लिहिलेलं टिकतं. वरच्या मजल्यावर लिहिलेलं मजल्याबरोबर जातं.

पण कर्नलच्या आतली गोष्ट उलटी आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. कर्नलचे आतले सांधे मुद्दाम कायम ठेवलेले नाहीत. ते बदलत राहतात. जो ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य झाडात आहे त्याचं काही बिघडत नाही, कारण सांधा बदलणाराच तो ड्रायव्हर सोबत दुरुस्त करतो. जो कंपनीच्या वेगळ्या फांदीवर राहिला, तो मागे पडतो. कंपनी आहे तोवर ती दरवेळी ओढून पुढे नेते. कंपनी गेली की फांदी वाळते.

आता तुलनेसाठी दुसरं एक यंत्र घेतो. बीगलबोन, २०११ सालचं. त्यालाही जोडायची मोड्यूलं आहेत, त्यांना केप म्हणतात. एकावर एक अशी चार बसतात. प्रत्येक केपवर एका छोट्या स्मृतीत तिची ओळख लिहिलेली असते. कुठल्या पिनेवर काय जोडलंय हे ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णनात लिहितात आणि यंत्र सुरू होताना ते वर्णन कर्नलच्या हाती पडतं. बगच्या मानाने ही रचना गबाळी आहे. चालू यंत्रावरून केप उपटायची सोय नाही, आधी वीज बंद करा. बगमधली ती ऐट इथे नाही. पण आराखडा असा खुला की २०१५ मध्ये सीड नावाच्या दुसऱ्याच कंपनीने त्याच्यावरून बीगलबोन ग्रीन काढला. एचडीएमआय काढून टाकलं आणि आपल्या सेन्सरांच्या जोडण्या बसवल्या. विहिरीचा दोर दुसऱ्याच्या घरीही वळला गेला.

आणि तिसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. गूगलचा आरा प्रकल्प. सुट्या भागांचा फोन. २०१३ मध्ये मोठा गाजावाजा झाला आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये प्रकल्प थांबवला. एवढ्यावरून कुणीही म्हणेल, हाही गेला. पण मोड्यूल आणि फोन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याची ग्रेबस नावाची एक रीत त्या प्रकल्पात तयार झाली होती. ती त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ४.९ या कर्नलमध्ये दाखल झाली. आधी उमेदवारीच्या जागेत ठेवली, मग २०१९ मध्ये ५.४ मध्ये तिचा गाभा मुख्य भागात आला. फोन कधी दुकानात आलाच नाही. आणि आज त्या बीगलबोनच्याच मंडळींनी दूरचे सेन्सर लिनक्सला जोडण्यासाठी हीच ग्रेबसची रीत उचलली आहे. वस्तू गेली, सांधा राहिला.

माझं म्हणणं हेच आहे. सुट्या भागांच्या यंत्रात भाग खुले असण्याला महत्त्व आहेच. पण यंत्राचं आयुष्य ठरतं ते सांध्यावर. सांधा कुणाच्या ताब्यात आहे, आणि तो ज्याने केला त्याच्याशिवाय जिवंत राहील का, हे बघायचं. वैशेषिक भाषेत बोलायचं तर भाग आणि यंत्र यांचा संबंध सगळ्यांना दिसतो तो संयोगाचा. हवा तेव्हा जोडा, हवा तेव्हा तोडा. पण यंत्र आणि कंपनी यांचा संबंध नकळत समवायाचा होऊन बसतो. एकाला वेगळं केलं की दुसरं उरत नाही. खुल्या यंत्राने तोही संबंध संयोगाचाच ठेवायला हवा होता.

माझ्या विद्यार्थ्याला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, ‘सर, एवढ्याशा कंपनीकडून तुम्ही अमरपट्टा मागताय. पगार द्यायचे, माल वेळेवर काढायचा, का कर्नलच्या मंडळींशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत बसायचं?’ त्याचं म्हणणं मी हलकं मानत नाही. मुख्य झाडात ड्रायव्हर घालणं खरंच वेळखाऊ असतं. चिकाटीने तपासतात, चुका काढतात, परत लिहायला लावतात. ग्रेबसच्या मागे अनुभवी माणसं होती, मोठ्या कंपनीचं पाठबळ होतं. आणि तो पुढे म्हणतो, ज्यांनी बगवर हात चालवले ते शिकले, ते शिकणं कुठे गेलं नाही. हेही खरं.

पण मी अमरपट्टा मागत नाही. मी एवढंच म्हणतो, की त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जो तिसरा प्रश्न घातला, ‘सेवा गेली तर काय’, तोच स्वतःलाही घालायला हवा होता. आम्ही गेलो तर काय? या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी स्वस्तात देता येतं. सांधा स्वतःचा करण्याऐवजी आधीच रूढ असलेला घ्यायचा. सॉफ्टवेअर बांधण्यासाठी लागणारं सगळं एका जागी जमा करून देऊन टाकायचं, पत्त्यांवर सोडायचं नाही. आणि ड्रायव्हर जमतील तेवढे मुख्य झाडाकडे न्यायचे. शेवटच्या दिवशी हे करायला ना पैसा असतो ना माणसं.

इथे पुढच्या रांगांमध्ये अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी दिसतायत. तुम्ही असली यंत्रं कराल, शेतात लावाल, दवाखान्यांत लावाल. तुमचा सेन्सर गेला तर तुमचा प्रोग्रॅम ‘नाही’ म्हणतो का, ते एकदा वायर उपटून बघा. तुमचा संगणक इंटरनेटपासून तोडा आणि यंत्राचं सॉफ्टवेअर नव्याने बांधता येतं का, बघा. आणि तुमच्याशी ओळख नसलेल्या माणसाच्या हातात ते यंत्र देऊन बघा. तिन्ही परीक्षांना एक दुपार पुरते. माझ्या दोन पोथ्यांना यातली पहिली परीक्षा पुरली असती.

त्या पोथ्यांची पानं आता जाणकारांनी स्वच्छ केली आहेत. अक्षर बहुतेक वाचलं, कडा गेल्या. बोर्ड अजून त्या खोलीत आहे. परवा मी आणखी एक काम केलं. मी आता शहात्तर वर्षांचा आहे, आणि त्या यंत्राची माहिती असलेला तिथे मी एकटाच आहे. तेव्हा प्रोग्रॅम, तो बांधायची कृती, लागणारं सगळं सॉफ्टवेअर एका कार्डावर भरलं. कुठली वायर कुठे, आणि फाइलमध्ये ‘वाचता आले नाही’ दिसलं तर काय करायचं, हे कागदावर मराठीत लिहिलं. कार्ड आणि कागद त्या कपाटातच ठेवले. मग त्या बाईंना म्हटलं, ‘मी आज इथे नाही असं समजा, आणि कागद वाचून हे यंत्र बंद करून चालू करून दाखवा.’

पहिल्या खेपेला त्यांना जमलं नाही. कागदात माझी एक पायरी राहून गेली होती. मी ती लिहिली. दुसऱ्या खेपेला जमलं.